१५ म्हणजे २०१९: डेटाबेसचे व्हर्जन नंबर कसे वाचायचे?

तेरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लातूर-औसा भागातली काही आडत दुकानं आणि दोन-तीन पतसंस्था यांचे संगणक मी सांभाळतो. मागच्या हंगामात एक प्रसंग घडला. त्यानंतर हा विषय मी नीट वाचून काढला. माझ्यासारखं काम करणारे इथं बरेच जण आहेत, म्हणून लिहितोय.

ऑक्टोबरचा शेवट होता, सोयाबीनची आवक ऐन भरात. एका आडत दुकानात रात्री व्होल्टेज वाढलं आणि संगणकाचा मदरबोर्ड जळाला. बॅकअप आदल्या संध्याकाळचाच पेन ड्राइव्हवर होता, त्यामुळं मी निर्धास्त होतो. घरचा जुना संगणक नेला. पिशवीत एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) २०१७ एक्सप्रेस, म्हणजे त्याची फुकट आवृत्ती, होतं ते बसवलं आणि बॅकअप चढवायला घेतला. संदेश आला की हा बॅकअप १५.००.२००० व्हर्जनच्या सर्व्हरवर घेतलेला आहे, तुमचा सर्व्हर १४.००.१००० आहे, दोन्ही जुळत नाहीत.

मी ते १४ आणि १५ बघत बसलो. माझ्याकडं २०१७ होतं. जळालेल्या संगणकावर काय होतं ते कुठंच लिहून ठेवलेलं नव्हतं. १५ म्हणजे २०१५ म्हणावं, तर त्या नावाचं एसक्यूएल सर्व्हर कधी निघालंच नाही. फाइल खराब झाली असेल म्हणून दुसऱ्या पेन ड्राइव्हवरची लावून पाहिली, तोच संदेश. सकाळी सौदे निघाले तेव्हा मुनीम हातानं पट्ट्या लिहीत होते आणि माल घातलेले शेतकरी हिशेबासाठी ताटकळत उभे होते. पार उशिरा उलगडा झाला की १५ म्हणजे २०१९. मोबाइलच्या नेटवर २०१९ उतरवून घेतलं, बसवलं, आणि तोच बॅकअप दहा मिनिटांत चढला.

म्हणजे बॅकअपमध्ये काही दोष नव्हता आणि संगणकातही नव्हता. संदेशात सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं, मला तो आकडा वाचता येत नव्हता एवढंच.

एसक्यूएल सर्व्हरला दोन नावं असतात. खोक्यावरचं नाव सालाचं, आतला नंबर वेगळा. २००८ म्हणजे १०.०, २००८ आर२ म्हणजे १०.५०, २०१२ म्हणजे ११, २०१४ म्हणजे १२, २०१६ म्हणजे १३, २०१७ म्हणजे १४, २०१९ म्हणजे १५, २०२२ म्हणजे १६ आणि २०२५ म्हणजे १७. जुन्याचा बॅकअप नव्यावर चढतो. चढताना डेटाबेसच्या फाइलींचा आतला साचा नव्या पद्धतीचा केला जातो. नव्याचा बॅकअप जुन्यावर कधीच चढत नाही, कारण पुढं कसा साचा येणार हे जुन्या सॉफ्टवेअरला माहीतच नसतं.

दुसरी गोष्ट टिंबाची. ३.९ नंतर ३.१० येतं तेव्हा बरेच जण गोंधळतात, कारण शाळेत आपण ३.१० म्हणजे ३.१ शिकलो. हे टिंब दशांश चिन्ह नाही. सातबाऱ्यावर गट नंबर ४५ चे पोटहिस्से पडले की ४५/९ नंतर ४५/१० येतो. ४५/१० हा ४५/२ च्या आधीचा असं गावात कुणी म्हणणार नाही. व्हर्जन नंबर तसाच वाचायचा. टिंबाच्या डावीकडं एक नंबर, उजवीकडं दुसरा नंबर, आणि प्रत्येकाची मोजणी वेगळी.

मग कोणता आकडा मोठ्या बदलाचा आणि कोणता दुरुस्तीचा? इथं मात्र प्रत्येकाची तऱ्हा निराळी. माझ्या एका पतसंस्थेत पोस्टग्रेस हे दुसरं डेटाबेस सॉफ्टवेअर आहे, त्याचं सांगतो. ९.६.३ असा नंबर असायचा तेव्हा पहिले दोन आकडे मिळून मोठी आवृत्ती व्हायची. म्हणजे ९.५ वरून ९.६ ला जाणं हे मोठं काम होतं, दिसायला कितीही छोटं दिसलं तरी. तिसरा आकडा दुरुस्त्यांचा. लोक ९.५ आणि ९.६ मधलं अंतर क्षुल्लक समजून फसायचे. म्हणून ऑक्टोबर २०१७ मध्ये १० आलं तेव्हा त्यांनी पद्धतच बदलली. तेव्हापासून पहिला आकडा मोठ्या आवृत्तीचा आणि दुसरा दुरुस्तीचा, बस. १६.३ वरून १६.४ ला जायचं तर सेवा थांबवा, नवीन फाइली टाका, सेवा सुरू करा. डेटाला हात लागत नाही. १६ वरून १७ ला जायचं तर डेटाच हलवावा लागतो.

एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि जमीन तीच राहिली, तसा हा प्रकार. फक्त जुना उतारा वाचताना कोणत्या काळातला नंबर आहे ते आधी बघावं लागतं.

मला आता कुठलाही नंबर दिसला की मी एकच विचारतो: यातला कोणता आकडा बदलला की डेटाच्या फाइलींचा साचा बदलतो? तो किंवा त्याच्या डावीकडचा आकडा तयारीशिवाय बदलायचा नाही. उजवीकडच्या दुरुस्त्या वेळेवर घ्यायच्या.

तुमचे अनुभव लिहा.

नांदेडी_विद्यार्थी

सर, खूप कामाचा धागा. माझी एक शंका आहे. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आम्ही झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र बसवणारा संच) वापरतो. त्यातल्या डेटाबेसला सगळे मायएसक्यूएल म्हणतात. व्हर्जन विचारलं तर १०.४ दाखवतंय. नेटवर बघितलं तर मायएसक्यूएल ८ आणि ९ चालू आहे. मग माझं त्यांच्यापेक्षा नवीन कसं?

आणि ५.७ नंतर थेट ८.० आहे. ६ आणि ७ कुठं गेले?

वाळूजकर

@नांदेडी_विद्यार्थी, तुझ्याकडं मायएसक्यूएल नाहीच. झॅम्पमध्ये २०१५ पासून मारियाडीबी येतं. मायएसक्यूएल सुरू करणाऱ्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये ती वेगळी शाखा काढली. त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव ‘My’, त्यावरून मायएसक्यूएल. धाकटी मारिया, तिच्यावरून मारियाडीबी. सुरुवातीला मारियाडीबीनं मायएसक्यूएलच्याच नंबरांशी जोडून ५.१, ५.२, ५.३, ५.५ असे नंबर घेतले. पुढं दोघांचे रस्ते फुटले तेव्हा त्यांनी १०.० घेतला, म्हणजे कुणी तुलना करू नये. भाऊ वेगळे झाल्यावर दोघांच्या वह्यांतले पान नंबर जुळवण्यात अर्थ नसतो. तुझं १०.४ हे मायएसक्यूएल ९ च्या पुढचं नाही आणि मागचंही नाही. शिवाय त्या १०.४ चा आधार २०२४ च्या जूनमध्ये संपलाय. सरावाला चालेल, कुणाच्या दुकानात बसवू नको.

कधी पीएचपीतून नंबर विचारलास आणि ५.५.५-१०.४ असं काही दिसलं तर घाबरू नको. जुन्या मायएसक्यूएलची प्रतिकृती घेणारी यंत्रणा नंबरातलं पहिलं अक्षरच वाचायची. १० मधला १ वाचून तिला ही आवृत्ती एक वाटली असती. म्हणून मारियाडीबीनं पुढं ५.५.५ चिकटवलं होतं. ११ पासून ते काढलं.

मायएसक्यूएल ६ चं काम सुरू झालं होतं, पण ते अर्धवट सोडलं. ७ चा नंबर त्यांच्याच क्लस्टर नावाच्या वेगळ्या उत्पादनाला आधीच दिलेला होता. म्हणून २०१८ च्या एप्रिलमध्ये थेट ८.०. म्हणजे ५.७ ते ८.० मध्ये तीन पायऱ्या राहिल्यात असं समजायचं कारण नाही, ती एकच पायरी आहे. पण ती उंच आहे. ८.० वर गेलेला डेटा परत ५.७ वर उतरत नाही.

एक_शिक्षिका

त्या पायरीबद्दल माझंही थोडं. सेलूजवळच्या आमच्या शाळेत मुलांची माहिती ठेवायला एक छोटी प्रणाली आहे, माझ्या भावानं करून दिलेली. मुलांची नावं मराठीत टाकली की सगळी प्रश्नचिन्हं यायची. त्याचं कारण व्हर्जनमध्ये निघालं. ५.७ पर्यंत मायएसक्यूएल काही सांगितलं नाही तर लॅटिन लिपी धरून चालायचं. ८.० पासून न सांगता युनिकोडची पूर्ण पद्धत धरतं. आम्ही प्रत्येक तक्त्याला वेगळं सांगायला विसरलो होतो.

त्यातही एक खोच आहे. मायएसक्यूएलमध्ये युनिकोड साठवायची जुनी पद्धत, यूटीएफ८, होती ती एका अक्षराला तीनच बाइट द्यायचं. देवनागरीला तीन पुरतात म्हणून मराठी व्यवस्थित बसायची. पण पालकांच्या संदेशात एखादं हसरं चिन्ह आलं की चूक यायची, कारण त्याला चार बाइट लागतात. चार बाइटचं वेगळ्या नावानं आहे, यूटीएफ८एमबी४. तेच निवडा. नावाच्या शेवटचा तो ४ फार महत्त्वाचा आहे.

कापूसकोंडा

चांगली माहिती. पण माझं स्पष्ट मत सांगतो दादा. चालतंय त्याला हात लावू नये. आमच्या जिनिंगवर २०१२ पासून एकच व्हर्जन चालू आहे. रुईच्या गाठी मोजल्या जायल्यात, काटापट्टी निघायलीय, काय बिघडलंय? तुम्ही लोक नवं व्हर्जन आलं की पळत येता आणि ऐन हंगामात बंद पाडून जाता. आमच्याकडं एकदा असं झालंय. चार दिवस गाड्या उभ्या राहिल्या. कापूस ओला होईल का वाळल या काळजीत कोण काय व्हर्जन बघतंय?

सोयाबीनचंच बघा. जेएस ३३५ किती वर्षांपासून पेरायलोत आम्ही. नंतर जेएस ९३०५ आलं, परभणीचं एमएयूएस ७१ आलं, १५८ आलं, ६१२ आलं. नंबर मोठा म्हणून वाण चांगलं असं कुठं असतंय? रान बघून पेरावं लागतंय.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

@कापूसकोंडा भाऊ, वाणाच्या नंबराचं उदाहरण मला पटलं. नंबर मोठा म्हणजे माल चांगला असा अर्थ धरायचा नाही, हे अगदी खरं. हंगामात हात लावू नये हेही मान्य. चार दिवस गाड्या उभ्या राहिल्या असतील तर ज्यानं ते केलं त्यानं रंगीत तालीम केलेलीच नव्हती.

पण दोन गोष्टी वेगळ्या करा. मोठ्या आवृत्तीला जाणं वेगळं आणि आहे त्याच आवृत्तीतल्या दुरुस्त्या घेणं वेगळं. जेएस ३३५ तेच राहिलं, पण पिवळा मोझॅक वाढला, त्यासमोर ते टिकेना म्हणून कितीतरी जणांना वाण बदलावं लागलं. सॉफ्टवेअर तेच राहतं, पण त्यातली भोकं दरवर्षी नवीन सापडतात आणि ती सगळ्या जगाला कळतात. तुमचा संगणक नेटला जोडलेला असेल तर २०१२ पासूनची सगळी भोकं उघडी आहेत.

मुदतीचंही बघा. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. १२ नंबर २०१९ मध्ये आला, २०२४ च्या नोव्हेंबरला संपला. मायएसक्यूएल ५.७ ऑक्टोबर २०२३ ला संपलं, ८.० ची मुदत एप्रिल २०२६ ची. मुदत संपली की उजवीकडचा आकडा पुढं सरकतच नाही. मग डावीकडचा हलवण्याशिवाय रस्ता राहत नाही, आणि तेव्हा नेमका हंगाम असतो.

विदा_राखणदार

धागा चांगला आहे, पण उजवीकडचा आकडा म्हणजे निर्धास्त, असा जो सूर निघतोय त्याला हरकत घेतो. वीसेक वर्षं हेच काम करतोय.

पोस्टग्रेस १४ मध्ये १४.० पासून १४.३ पर्यंत एक दोष होता. काम चालू ठेवून इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) बांधण्याची जी सोय आहे, ती वापरली तर इंडेक्स गुपचूप खराब व्हायचा. १४.४ जून २०२२ मध्ये ठरलेल्या तारखेच्या बाहेर काढावं लागलं. आणि नुसतं १४.४ बसवून भागत नव्हतं, आधी बांधलेले इंडेक्स तपासून परत बांधावे लागत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये १७.१ आलं, त्यानं पोस्टग्रेसला जोडलेली काही जादा सॉफ्टवेअरं (एक्स्टेन्शन) मोडली, तर आठवड्यात १७.२ आलं. मायएसक्यूएल ८.०.२९ कंपनीनं डाउनलोडवरून काढून घेतलं आणि ८.०.३० दिलं. ८.०.३८ मध्ये दहा हजारांपेक्षा जास्त तक्ते असलेला सर्व्हर परत सुरू करताना कोसळायचा, ते ८.०.३९ मध्ये नीट झालं.

म्हणून माझा नियम असा. सुरक्षेची दुरुस्ती असेल आणि सर्व्हर बाहेरून दिसत असेल तर लगेच. बाकी आठ-दहा दिवस थांबतो, प्रकाशनाची टिपणं पूर्ण वाचतो, मग घेतो. पोस्टग्रेसच्या ठरलेल्या तारखा फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अशा असतात, त्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्या की धावपळ होत नाही.

मायएसक्यूएल ८.० बद्दल आणखी एक. तिथं तिसरा आकडा फक्त दुरुस्तीचा नव्हताच. बरीच वर्षं ८.०.११, ८.०.१२ असे पुढं सरकताना नव्या सोयीही त्यातच यायच्या आणि मागं उतरण्याची सोय नव्हती. म्हणजे धागाकर्त्यांनी सांगितलेल्या कसोटीवर बघितलं तर तिथं तिसरा आकडासुद्धा एकेरी रस्ता होता. जुलै २०२३ ला ८.०.३४ पासून ते सुधारलं. ८.० फक्त दुरुस्त्यांपुरतं ठेवलं आणि नव्या सोयी ८.१, ८.२ अशा निघाल्या. ८.४ दीर्घ मुदतीचं, एप्रिल २०२४ चं. ९.० पुन्हा नव्या सोयींचं, कमी मुदतीचं. त्यामुळं आज बसवायचं तर ९.० पेक्षा ८.४ घेणं शहाणपणाचं ठरतं. मोठा नंबर मोडीत काढून लहान घ्या म्हटलं की मालक लोक संशयानं बघतात, त्यांना हे समजावून सांगावं लागतं.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

@विदा_राखणदार सर, दुरुस्ती मान्य. ८.०.२९ चं मला ठाऊक नव्हतं. माझी कसोटी मी मायएसक्यूएलला लावूनच पाहिली नव्हती.

विदा_राखणदार

लावून बघा, कसोटी चांगली आहे. आता तुमच्याच संदेशाकडं परत जाऊ. १५.००.२००० असं आलं म्हणालात ना? २०१९ चं पहिलं प्रकाशन १५.०.२००० आहे. म्हणजे त्या दुकानातल्या सर्व्हरवर बसवल्या दिवसापासून एकही दुरुस्ती चढलेली नव्हती. दुरुस्त्या घेतल्या असत्या तर २००० च्या जागी त्याहून मोठा आकडा दिसला असता. तुमच्या २०१७ चं १४.००.१००० पण तेच सांगतंय.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१७ पासून सर्व्हिस पॅक (दुरुस्त्यांचे मोठे गठ्ठे) बंद झाले, आता फक्त एकत्रित अपडेट येतात. सर्व्हिस पॅक आला नाही म्हणजे काही आलंच नाही, असं समजून कितीतरी ठिकाणी लोक तसेच बसलेले मी पाहिलेत.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

हे वाचून मी जुन्या फोटोत तो संदेश परत काढून बघितला. २००० च आहे. कापूसकोंडा भाऊंना वर मी भोकांबद्दल सांगितलं आणि माझ्याच दुकानात ती उघडी होती. या आठवड्यात बघतो.

पूर्णाथडी

एक प्रश्न. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कम्पॅटिबिलिटी लेव्हल म्हणून असते. ती १४० केली की २०१९ चा डेटाबेस २०१७ वर जाईल ना? आमच्याकडं दूध संकलनाच्या केंद्रावर २०१९ आहे पण लेव्हल १०० दाखवायलंय, म्हणजे तो २००८ वर पण चालायला पाहिजे.

विदा_राखणदार

नाही जाणार. लेव्हल म्हणजे क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) कशा समजून घ्यायच्या आणि कशा चालवायच्या याचा नियम. तुमचा डेटाबेस कधीतरी २००८ वरून चढवत आणलाय, म्हणून १०० राहिलीय. फाइलीचा साचा मात्र प्रत्येक चढाईत बदलत गेला. तो आतला नंबर तिसराच असतो. २०१७ चा ८६९, २०१९ चा ९०४. फाइल थेट जोडून बघितली तर संदेशात हेच आकडे येतात. त्यावर तुमच्या १०० चा काही परिणाम नाही.

मागं यायचंच असेल तर तक्त्यांची रचना आणि माहिती वेगळी काढून जुन्या सर्व्हरवर नव्यानं भरावी लागते. मोठ्या डेटाबेसला ते दिवसभराचं काम आहे. लेव्हल १०० वर ठेवण्यात तोटाही आहे, नव्या सर्व्हरचा वेग तुम्हाला मिळत नाही. पण ती वाढवायची तर आधी वेगळ्या संगणकावर हंगामातले जड अहवाल चालवून बघा.

पूर्णाथडी

समजलं सर. म्हणजे एका डेटाबेसला खोक्यावरचं साल, सर्व्हरचा नंबर, लेव्हल आणि फाइलीचा नंबर असे चार आकडे. लिहून ठेवतो.

वाळूजकर

ओरॅकलचं कुणी काढलं नाही म्हणून थोडक्यात सांगतो. आमच्या कारखान्यात तेच आहे.

१९७९ मध्ये त्यांचं पहिलं विकाऊ उत्पादन आलं तेव्हा त्याचा नंबरच २ होता. पहिली आवृत्ती कुणी विकत घेत नाही म्हणून १ काढलाच नाही. पुढं नंबराला अक्षरं लागली. ८आय, ९आय मधला आय इंटरनेटचा, १०जी आणि ११जी मधला जी ग्रिडचा, १२सी मधला सी क्लाउडचा, आणि २०२४ मध्ये २३ ला एआय. त्या काळी बाजारात ज्याची चर्चा, त्याचं अक्षर. तांत्रिकदृष्ट्या त्याला अर्थ नाही, पण माणूस नोकरीच्या मुलाखतीत १९सी म्हणतो तेव्हा हे कळलेलं बरं.

खरी अडचण १२ नंतरची. १२.२.०.१ नंतर १२.२.०.२ यायला हवं होतं, त्याचं नाव त्यांनी सालावरून १८सी केलं. जे १२.२.०.३ झालं असतं ते १९सी. म्हणजे १२ ते १९ हा सात पायऱ्यांचा प्रवास दिसतो, पण १२.२ आणि १९ एकाच घरातले. आम्ही १२.२ वरून १९ ला जाताना साहेबांनी सात आवृत्त्यांचा धसका घेतला होता. ही वंशावळ कागदावर काढून दाखवली तेव्हा मंजुरी मिळाली. आता १९.३, १९.४ असा जो दुसरा आकडा असतो तो दर तीन महिन्यांच्या अपडेटचा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर.

नांदेडी_विद्यार्थी

वाळूजकर सर, धन्यवाद, मी मारियाडीबी हे नाव प्रॅक्टिकलच्या वहीत लिहिलं तर सरांनी पण विचारलं कुठून कळलं म्हणून.

आणखी एक अडचण आली. प्रोजेक्टमध्ये मी पोस्टग्रेसचा नंबर तपासतो, ९.६ पेक्षा मोठा असेल तरच पुढं जा असं. १६ वर चालवलं तर जुनं आहे म्हणतंय.

विदा_राखणदार

तू नंबर अक्षरं म्हणून ताडून बघतोयस. अक्षरांत १ हा ९ च्या आधी येतो, म्हणून १६ मागं पडलं. २०१७ ला १० आलं तेव्हा कितीतरी तयार सॉफ्टवेअर याच कारणानं अडखळलं होतं.

पोस्टग्रेसला सर्व्हर_व्हर्जन_नम विचार. तो सरळ पूर्णांक देतो. ९.६.३ साठी ९०६०३, १०.१ साठी १००००१, १६.४ साठी १६०००४. यांची लहान-मोठी तुलना बरोबर येते. एसक्यूलाइटमध्ये पण अशीच सोय आहे, ३.७.१७ चं ३००७०१७ होतं. माणसानं वाचायचा नंबर वेगळा आणि प्रोग्रामनं ताडायचा वेगळा ठेवलेला बरा.

एक_शिक्षिका

एसक्यूलाइट म्हणजे मोबाइलमध्ये असतं तेच ना?

विदा_राखणदार

होय ताई, प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. त्याचा पहिला आकडा २००४ पासून ३ च आहे, आणि तेव्हापासूनची फाइल आजच्या आवृत्तीत उघडते. २०५० पर्यंत सांभाळू असं त्यांनी जाहीर केलेलं आहे. म्हणून तिथं पहिला आकडा हलत नाही. तो हलणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं होईल. नंबर पुढं न सरकण्याचा असाही अर्थ असतो, हे मला फार आवडतं.

गोदाकाठची

मी पैठणची, नोकरी पुण्यात. एक वेगळा अनुभव लिहिते, कारण त्यात व्हर्जन नंबर बदललाच नव्हता.

एका ठिकाणी पोस्टग्रेस तेच, अगदी दुरुस्तीच्या आकड्यापर्यंत तेच, फक्त खालचं लिनक्स नवीन केलं. दुसऱ्या दिवशी काही खातेदार शोधूनही सापडेनात. यादीत दिसायचे, शोधलं की नाहीत. आणि एकच खाते क्रमांक दोनदा टाकता आला, जे व्हायलाच नको होतं.

कारण असं की शब्दांचा क्रम कसा लावायचा हे पोस्टग्रेस लिनक्सच्या जीलिबसी नावाच्या भागाला विचारतं. त्याच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ साली, हा क्रम बराच बदलला. सोपं उदाहरण: आधी ११ हे १-१ च्या अगोदर यायचं, नंतर १-१ अगोदर यायला लागलं. आमचे खाते क्रमांक शाखा-क्रमांक असे आडव्या रेघेचेच होते. इंडेक्स जुन्या क्रमानं रचलेला, शोधणारा नव्या क्रमानं शोधणारा. शब्दकोशाची पानं कुणी उलटीपालटी लावावीत तसं झालं. सगळे इंडेक्स परत बांधले, आणि दुबार नोंदी हातानं सोडवायला तीन दिवस गेले.

म्हणून पूर्णाथडी यांच्या चार आकड्यांत पाचवा घाला, खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. पोस्टग्रेस १३ पासून हा क्रमाचा नंबर नोंदवून ठेवायला लागलं, १५ पासून अख्ख्या डेटाबेसचा नोंदवतं आणि जुळला नाही तर इशारा देतं. तो इशारा लॉगमध्ये आला तर वाचून सोडून देऊ नका.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

@गोदाकाठची ताई, हे फार मोलाचं. माझ्या पतसंस्थेतले सभासद क्रमांक पण आडव्या रेघेचे आहेत आणि लिनक्स बदलायचं माझ्या मनात होतंच. आधी तपासतो.

मोठी आवृत्ती बदलताना मला ज्या गोष्टी महागात पडल्या त्या इथंच लिहितो, नंतर कुणी शोधत आलं तर मिळतील. पोस्टग्रेसचा डंप, म्हणजे डेटाची वेगळी काढलेली फाइल, घेताना नव्या आवृत्तीचं पीजी_डंप वापरा. जुनं पीजी_डंप नव्या सर्व्हरला बघून काम करायला नकार देतं, नवं मात्र जुन्या सर्व्हरशी बोलतं. पीजी_अपग्रेड (मोठी आवृत्ती चढवायचं साधन) लिंक पद्धतीनं, म्हणजे फाइलींची नक्कल न करता, चालवलं तर काम मिनिटांत होतं, पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना परत वापरता येत नाही. त्याआधी बॅकअप हवाच. आणि चढवल्यावर सगळं मंद वाटलं तर अॅनालाइझ चालवा. शोध वेगात होण्यासाठी लागणारी डेटाची आकडेवारी आवृत्ती १७ पर्यंत सोबत जात नव्हती, १८ पासून बरीचशी जाते.

डेटाच्या फोल्डरमध्ये पीजी_व्हर्जन नावाची छोटी फाइल असते, तिच्यात फक्त मोठ्या आवृत्तीचा नंबर लिहिलेला असतो. संगणक जळाला आणि नुसती डिस्क हाती आली, तर कोणती आवृत्ती बसवायची हे तिथून कळतं. ऑक्टोबरच्या त्या रात्री दुकानात पोस्टग्रेस असतं तर मी दोन मिनिटांत सुटलो असतो.

कापूसकोंडा

दादा, मी वाद घातला पण धागा सगळा वाचून काढला. आमच्या जिनिंगच्या संगणकावर बघितलं तर ११.० दाखवायलंय. तुमच्या यादीप्रमाणं ते २०१२ निघालं. मुनीमजी त्याला अकरा नंबरचं म्हणतेत म्हणून मी आजवर ते २०११ चंच समजत होतो. हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये, एकदा येऊन जाल का? आधी दुसऱ्या संगणकावर करून दाखवा, मगच खऱ्याला हात लावू.

तेरणाकाठ (धागाकर्ता)

नक्की येतो भाऊ. २०१२ चा आधार जुलै २०२२ मध्येच संपलाय, म्हणून तोवर तो संगणक नेटपासून तोडून ठेवा. आणि बॅकअपच्या पेन ड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवा: एसक्यूएल सर्व्हर २०१२, ११.०, आणि टिंबानंतर जे काही दिसतंय ते सगळं.

विदा_राखणदार सरांना: काल अमावास्येला दुकान बंद होतं तेव्हा २०१९ चं एकत्रित अपडेट ३२ चढवलं. आधी घरच्या संगणकावर तेच केलं, कालचा बॅकअप त्यावर चढवून पट्ट्या काढून पाहिल्या. आता व्हर्जन विचारलं की १५.०.४४३० येतं. त्यानंतर आलेल्या सुरक्षेच्या दुरुस्तीची टिपणं वाचतोय. पिशवीतल्या ड्राइव्हवर २०१७ सोबत २०१९ आणि २०२२ पण टाकून ठेवलंय.